ठरलेल्या वेळेची तहान आणि गोडं पाणी

"पाणीसुद्धा नाही?" रमजानच्या महिन्यात रोजा ठेवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न ऑफिसात, बसमध्ये नाहीतर शाळेच्या स्टाफरूममध्ये एकदा तरी येतोच. विचारणाऱ्याला उपवास नवा नसतो. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार त्याच्याही घरी असतात. पण त्या उपवासांत पाणी, चहा, साबुदाणा सगळं चालतं, आणि निर्जळी म्हटलं की हरतालिकेसारखा वर्षातला एखादा दिवस आठवतो. सलग एकोणतीस-तीस दिवस, तेही एखाद्या वर्षी ऐन मे महिन्यात, दिवसभर पाण्याचा घोट नाही हे ऐकून माणूस दचकतो. "नाही," असं एका शब्दात उत्तर मिळतं आणि दोघंही आपापल्या कामाला लागतात.

रमजानबद्दल लिहिताना भुकेवर जरा जास्तच लिहिलं जातं, असं मला नेहमी वाटतं. भूक दुपारी दोनच्या सुमाराला चाळवते आणि मग मुकाट्याने बसते. तहान बसत नाही, ती चढत जाते. धर्मग्रंथांतही पाण्याबद्दल जे सांगितलंय ते केवळ 'पिऊ नका' एवढंच नाही. पाणी किती वापरावं, कोणतं पाणी चांगलं, आपलं झाल्यावर दुसऱ्याला कसं द्यावं, यावर बारीक बारीक नियम आहेत. हे सगळं एकत्र ठेवलं की रमजानमधली कृतज्ञता म्हणजे नेमकं काय, ते जास्त नीट कळतं.

आधी रोजाचा हिशेब. सूर्योदयाच्या साधारण सव्वा तास आधी, पूर्वेला पहिला उजेड पसरतो तेव्हा फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजची वेळ लागते आणि रोजा सुरू होतो. त्याआधी जे खायचं-प्यायचं ती सहेरी. मग सूर्य मावळेपर्यंत खाणं, पिणं, सिगारेट, तंबाखू, शरीरसंबंध सगळं बंद. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजच्या अजानला रोजा सोडायचा, तो इफ्तार. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं आणि ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं. आपल्या पंचांगातले महिनेही चंद्राचेच, पण आपण अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ बसवतो. हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. भारतात २०१६ साली तो ७ जूनला सुरू झाला, २०१९ साली ७ मेला, २०२४ साली १२ मार्चला. मराठवाड्यात जूनमधला रोजा पावणेपंधरा तासांच्या आसपास जातो, डिसेंबरमधला सव्वाबारा तासांचा. फरक अडीच तासांचाच. पण जूनच्या त्या पावणेपंधरा तासांत पाऊस लांबला तर बाहेर चाळीस अंश असतात, हा खरा फरक.

हा नियम सगळ्यांना सरसकट नाही. आजारी माणूस आणि प्रवासी यांना कुराणातच सूट आहे. राहिलेले रोजे नंतर भरून काढायचे. ज्याला वयामुळे किंवा कायमच्या दुखण्यामुळे ते कधीच जमणार नाही, त्यानं प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवू घालायचं, त्याला फिदया म्हणतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना सवलत आहे. पाळीच्या दिवसांत रोजा ठेवायचाच नसतो. तहानेनं जीव धोक्यात येईल अशी वेळ आली तर रोजा सोडणं धर्माला धरूनच आहे. आणखी एक नियम मला फार आवडतो: विसरून कुणी ग्लासभर पाणी पिऊन टाकलं, तर रोजा मोडत नाही. अल्लाहनंच त्याला खाऊ-पिऊ घातलं, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहांत म्हटलंय. त्यानं पुढे रोजा चालू ठेवायचा. पहिल्या पाच-सहा दिवसांत असं हमखास कुणाचं तरी होतं आणि घरात त्यावरून दिवसभर चेष्टा चालते.

दिवसभर शरीरात काय चालतं

प्रौढ माणसाच्या वजनात साधारण साठ टक्के पाणी असतं. काहीही न करता, सावलीत बसून राहिलं तरी श्वासातून आणि कातडीतून दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी निघून जातं. त्याशिवाय शरीरातली घाण बाहेर टाकायला किडनीला दिवसाला किमान अर्धा लिटर लघवी करावीच लागते. उन्हात राबणाऱ्याचा घाम वेगळा. तो तासाला लिटरभरही जाऊ शकतो. आत येणारं पाणी मात्र सकाळपासून शून्य. पचलेल्या अन्नातून शरीर स्वतः थोडं पाणी तयार करतं, चोवीस तासांत तीनशे मिलिलिटरच्या घरात. तेवढ्यावर भागत नाही.

मग शरीर काटकसर सुरू करतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, त्यातल्या पेशी रक्ताचा खारेपणा सतत मोजत असतात. पाणी कमी झालं की रक्तातलं मिठाचं प्रमाण वाढतं. ही वाढ अवघी एक-दोन टक्के झाली तरी दोन हुकूम सुटतात. एक म्हणजे तहान. दुसरा व्हॅसोप्रेसिन नावाच्या संप्रेरकाचा, जो किडनीला सांगतो की लघवीतलं पाणी परत ओढून घे. निरोगी किडनी लघवीला रक्ताच्या चौपट दाट करू शकते. दुपारनंतर लघवी गडद पिवळी होते आणि कमी होते ती यामुळे. संध्याकाळपर्यंत निरोगी माणसाचं वजन पाण्यापोटी एखादा टक्का, जास्तीत जास्त दोन टक्के उतरतं. रात्रीत ते भरून येतं. म्हणूनच धडधाकट माणूस महिनाभर हे करू शकतो.

ज्यांची किडनी आधीच अधू आहे, ज्यांना वारंवार मुतखडा होतो, मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या चालू आहेत, लघवी जास्त व्हायची गोळी चालू आहे, त्यांच्या बाबतीत हे गणित जुळत नाही. त्यांनी रमजानच्या आधी डॉक्टरशी बोलायचं, सोळाव्या रोजाला चक्कर आल्यावर नाही. बरेच जण "अल्लाह बघून घेईल" म्हणतात, पण सूट त्यानंच दिलेली आहे, हे आपल्या सोयीनं विसरतात. पहिल्या दोन-तीन रोजांत दुपारी जे डोकं धरतं, त्याला बहुतेक वेळा पाण्याइतकाच चहा जबाबदार असतो. दिवसाला पाच-सहा कप पिणाऱ्याचं कॅफिन एकदम तुटतं. रमजानच्या आधीच्या आठवड्यात एकेक कप कमी केला तर हा त्रास बराच टळतो.

सहेरीला शेवटच्या पाच मिनिटांत घड्याळाकडे बघत तांब्यावर तांबे रिचवायचे, ही घरोघरची सवय. त्याचा उपयोग फार होत नाही. एकदम आलेलं जास्तीचं पाणी किडनी दोन-तीन तासांत बाहेर टाकते आणि फजर पढून आडवं झालेला माणूस बाथरूमच्या चकरा मारत बसतो. पाणी इफ्तारपासून तरावीहपर्यंत, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजपर्यंत, आणि पुन्हा सहेरीला, थोडं थोडं करून प्यावं. सहेरीच्या ताटात दही, काकडी, मुगाची पातळ खिचडी असं काही असलं की अन्नासोबत गेलेलं पाणी जास्त वेळ टिकतं. सहेरीला लोणचं-पापड चापला तर अकरा वाजल्यापासून घसा बोंबलायला लागतो. कारण वर आलंच.

आता इफ्तारचा पहिला घोट. रोजा ताज्या खजुरानं सोडावा, नसेल तर सुक्या खजुरानं, तोही नसेल तर पाण्याच्या चार घोटांनी, अशी पैगंबरांची रीत सांगितली जाते. पाणी पोटातून आतड्यात आणि तिथून रक्तात पोचायला दहा-पंधरा मिनिटं तरी लागतात. पण तहान तर त्या घोटासरशी भागते! रक्त अजून तितकंच खारट असतं, तरी समाधान झालेलं असतं. याचं कारण असं की तोंड, घसा आणि पोट यांतून निघालेला निरोप मेंदूला थेट मिळतो, आणि मेंदू पुढे येणाऱ्या पाण्याचा अंदाज बांधून तहान आधीच उतरवतो. व्हॅसोप्रेसिनही रक्त पातळ व्हायच्या आधीच कमी व्हायला लागतं. थंड पाण्यानं हे आणखी लवकर होतं, म्हणून इफ्तारला माठाची ओढ. सतरंजीवर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जी टवटवी येते, ती पाणी अंगात भिनायच्या आधीची असते.

रोजा सोडल्यावर म्हणायची एक दुआ आहे. तिचा आशय: तहान गेली, शिरा ओल्या झाल्या, आणि अल्लाहची इच्छा असेल तर सवाबही (पुण्यही) पक्का झाला. बघा, या दुआत भुकेचं नावही नाही.

गोडं की खारं

कुराणात सूरह बकरामध्ये (सूरह म्हणजे अध्याय) ज्या आयतीत रमजानचं नाव घेऊन रोजे सांगितलेत, तिचा शेवट 'जेणेकरून तुम्ही कृतज्ञ व्हाल' असा आहे. पण कृतज्ञ कशाबद्दल? पाण्यापुरतं याचं सगळ्यात थेट उत्तर सूरह वाकिआमध्ये सापडतं. तिथे प्रश्न विचारलाय, तो साधारण असा: तुम्ही जे पाणी पिता त्याकडे कधी पाहिलंत का? ढगांतून ते तुम्ही उतरवलंत की आम्ही? आमच्या मनात आलं असतं तर ते खारट-कडू करून टाकलं असतं. मग तुम्ही आभार का मानत नाही?

इथे धमकी पाणी काढून घेण्याची नाही. पाणी राहील, पण पिता येणार नाही, असं ते आहे. वाळवंटात विहीर खणणाऱ्या माणसाला यातला फरक लगेच कळतो. आपल्याकडे तो अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला कळतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात गाळाचे जाडच्या जाड थर आहेत आणि त्यांतलं भूजल खारं आहे. विहिरीला पाणी भरपूर, हापसा मारला की धो धो येतं, पण तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला पाचशे मिलिग्रॅमच्या आत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर दोन हजारांपर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक आहे. त्या पट्ट्यातल्या कित्येक विहिरी ही हद्दही ओलांडतात. तिथे गोडं पाणी म्हणजे लांबच्या धरणावरून नळानं आणलेलं पाणी. बाळापूर-अकोटकडे इफ्तारच्या दस्तरखानावर, म्हणजे जेवणाच्या चादरीवर, पाण्याचा जग भरून ठेवताना ते पाणी कुठलं, हा प्रश्न निव्वळ चवीचा उरत नाही.

याच्या नेमकं उलटं चित्र आखातात आहे. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून कुवेत, दुबई, दमामला गेलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे रमजान काढतायत. कुवेतमध्ये पिण्याचं जवळजवळ सगळं पाणी समुद्राचं, खारेपणा काढून गोडं केलेलं असतं. पडद्यातून दाबानं गाळायच्या पद्धतीनं हजार लिटर गोडं पाणी करायला साधारण तीन-चार युनिट वीज लागते. जिथे नदी नाही तिथे इफ्तारच्या बाटलीत तेल आणि वायू जाळूनच पाणी येतं. ज्याच्या कोकणातल्या घराच्या परसात पाऊस चार महिने फुकट कोसळतो आणि एप्रिलमध्ये विहीर तळाला जाते, त्याला हा सगळा प्रकार एकाच वेळी चमत्कार आणि चिडचिड वाटला तर नवल नाही.

पाक आणि पिण्याजोगं

इथे एक घोळ नेहमी होतो, तो सोडवायला हवा. धर्मशास्त्रात पाणी 'पाक' (शुद्ध) आहे की नाही हे ठरवायच्या कसोट्या आहेत: रंग, वास, चव. घाण पडून यांतलं काही बदललं तर ते पाणी नापाक. साठवलेल्या पाण्याचं आकारमानही बघतात. मराठवाडा-खानदेशातले बहुतेक मुसलमान हनफी परंपरेतले; त्यांच्यात दहा हात लांब आणि दहा हात रुंद हौद वाहत्या पाण्यासारखा धरतात, म्हणजे थोडी घाण पडल्यानं तो लगेच बाद होत नाही. जुन्या मशिदींमधले मोठाले हौद त्या हिशेबाचे. मुंबईची क्रॉफर्ड मार्केटजवळची जुमा मशीद तर एका जुन्या तलावावरच उभी आहे. तिच्या दगडी कमानी पाण्यातून वर आल्यात आणि त्या पाण्यात मासे फिरतात. कोकणातले मुसलमान शाफई. त्यांच्यातली मर्यादा दोन 'कुल्ला', साधारण दोनशे लिटर. आपल्या चाळीतल्या निळ्या पिंपाएवढी.

या कसोट्या वजूसाठी, म्हणजे नमाजआधी तोंड-हात-पाय धुण्यासाठी, आणि नमाजसाठी. त्यावरून पाणी पिण्याजोगं ठरत नाही. पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू पाण्याला रंग देत नाहीत, वास देत नाहीत, चवही बदलत नाहीत. काचेसारखं नितळ पाणी पिऊन माणूस आजारी पडू शकतो. जुन्या लोकांना जंतू माहीत नव्हते, तरी सावधगिरीचे नियम मात्र होते: साचलेल्या पाण्यात लघवी करू नये, पाणवठ्यावर, वाटेवर आणि सावलीच्या जागी घाण करू नये, रात्री भांडी झाकावीत, पखालीचं तोंड बांधावं, पिताना भांड्यात श्वास सोडू नये. हे सगळं हदीसमध्ये आहे. यातलं पाणवठ्याचं कलम जरी आपल्या नद्यांच्या काठी पाळलं गेलं असतं तरी महापालिकांचा निम्मा खर्च वाचला असता, पण ते असो.

नळाचं पाणी सुरक्षित होतं ते अशा रीतीनं: धरणातल्या गढूळ पाण्यात तुरटी घालतात, गाळाचे कण एकमेकांना चिकटून खाली बसतात, वरचं पाणी वाळूच्या थरांतून गाळतात आणि शेवटी क्लोरिन देतात. गावात क्लोरिनचं काम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरनं होतं. क्लोरिन घातल्यावर निदान अर्धा तास थांबायचं, मग जंतू मरतात. पण तेवढ्यानं काम संपत नाही. पाणी टाकीतून नळापर्यंत येताना वाटेत पुन्हा घाण मिसळली तर तिच्याशी लढायला थोडा क्लोरिन शिल्लक हवा. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो ती त्यासाठी. छोट्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरिन आहे, पाणी तसंच राहिलं तर नाही. कसोटी इथेही रंगाचीच आहे म्हणायची.

नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात एक वेगळाच धोका असतो. पाणी बंद असताना पाइप रिकामे होतात, आत दाब राहत नाही, आणि जिथे फट असेल तिथून आजूबाजूच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून पाणी आल्यावर पहिल्या दोन बादल्या धुण्या-भांड्याला काढायच्या, हे बायकांना कुणी शिकवावं लागत नाही.

इफ्तारच्या बाबतीत यात भर पडते ती बर्फाची. सरबतात, रूह अफजात, कलिंगडाच्या फोडींवर बर्फ हवाच असतो आणि तो बहुतेक वेळा गाडीवरून, पोत्यात गुंडाळलेल्या लादीतून फोडून येतो. मासे टिकवायचा बर्फ आणि खायचा बर्फ एकच नव्हे. २०१८ पासून महाराष्ट्रात अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, तो ओळखता यावा म्हणून. पांढरी लादी दिसली म्हणजे ती पिण्याच्या पाण्याचीच, असं मात्र धरून चालू नये. जंतू बर्फात मरत नाहीत, नुसते निजतात. उकळून गार केलेलं पाणी घरच्या फ्रिजमध्ये किंवा माठात ठेवलेलं बरं. दिवसभर उपाशी पोटाला जुलाब लागले तर दुसऱ्या दिवशीचा रोजा गेलाच समजा.

मोजून वापरायचं पाणी

पैगंबर एका मुद्द पाण्यात वजू करत, असं हदीसमध्ये आहे. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, आजच्या मापानं पाऊण लिटरच्या आतबाहेर. अंघोळ एका साअमध्ये, म्हणजे चार मुद्द, फार तर पाच. वाहत्या नदीच्या काठी बसला असाल तरी पाणी वाया घालवू नका, असंही सांगितलेलं आहे. आता मशिदीतल्या नळाखाली कुणाची वजू बघा. अर्धा उघडलेला नळ मिनिटाला चार-पाच लिटर सोडतो. तोंड, हात, पाय तीन-तीन वेळा धुवून, मध्ये शेजाऱ्याशी दोन शब्द बोलून, सात-आठ लिटर सहज जातात. दोनशे माणसं नमाजला आली तर पंधराशे लिटर, एका नमाजचे. मुद्दच्या हिशेबानं दीडशे लिटरमध्ये भागलं असतं. तोटीचा लोटा होता तेव्हा लोटा रिकामा झाला की वजू संपायची; नळाला असा शेवट नसतो.

पाणी नसेलच तर? तर तयम्मुम: स्वच्छ कोरड्या मातीवर हात टेकवून चेहरा आणि हात पुसायचे, नमाज होते. त्यातही एक बारकावा आहे. जवळ थोडंच पाणी असेल आणि ते प्यायला लागणार असेल, स्वतःला, सोबत्याला किंवा जनावराला, तर ते वजूत घालवायचं नाही, तयम्मुम करायचं. तहान आधी, शुद्धी नंतर. दुष्काळी भागात राहणाऱ्याला हा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

२०१६ चा रमजान लातूरकरांना आठवत असेल. त्या वर्षी १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या, खेपेला पंचवीस लाख लिटर. जूनमध्ये रोजे सुरू झाले तेव्हा मांजरा धरण कोरडंच होतं. रोजाच्या तहानेला संध्याकाळची वेळ तरी ठरलेली असते. टँकरच्या रांगेतल्या घागरीला ती नसते. आणि त्या रांगेत बहुतेक बायकाच असतात, रोजा असो नसो.

छत्रपती संभाजीनगरला, पूर्वीच्या औरंगाबादला, या सगळ्याचा एक जुना धडा जमिनीखाली पुरलेला आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झालेला मलिक अंबर. त्यानं १६१० मध्ये खडकी वसवलं, तेच पुढे औरंगाबाद झालं. या खडकाळ जागेत पाणी नव्हतं. उत्तरेकडच्या डोंगरांतून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून, केवळ उताराच्या जोरावर त्यानं गावात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. वाटेत जागोजाग मनोरे होते. पाणी आपल्याच दाबानं मनोऱ्यात वर चढायचं, अडकलेली हवा निघून जायची, गाळ खाली बसायचा आणि पाणी पुढे जायचं. उपसायला बैल नाही, पंप नाही. पुढे अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात दुसऱ्या एका नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरू लागली. यात्रेकरूंचं, फकिरांचं आणि तिथे शिकणाऱ्यांचं पीठ ती दळायची. तिथल्या मोठ्या हौदाखाली एक दालन आहे, डोक्यावर पाणी असल्यानं उन्हाळ्यातही गार. पर्यटक तिथे फोटो काढतात. त्याच शहराला आज पैठणच्या जायकवाडीतून, साधारण पन्नास किलोमीटरवरून, उपसून पाणी आणावं लागतं आणि कित्येक वस्त्यांत वर्षानुवर्षं ते आठवड्यातून एखाद्या वेळीच येत आलंय. नहरीच्या मनोऱ्यांना मात्र घरांच्या भिंती खेटल्या आहेत. याला दैव म्हणायचं की हलगर्जी, हे ज्यानं त्यानं ठरवावं. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

अशी कामं करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सवाबचा विचार असायचाच. साद इब्न उबादा नावाच्या सहकाऱ्यानं पैगंबरांना विचारलं होतं, आई गेली, तिच्या नावानं कोणतं दान सगळ्यात चांगलं? उत्तर आलं, पाणी. त्यानं विहीर खणली आणि ती आईच्या नावानं लोकांना खुली केली. तहानेनं ओली माती चाटणाऱ्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून, पायातल्या मोज्यात पाणी भरून, तो दातांत धरून वर आणणाऱ्या माणसाला माफी मिळाल्याची गोष्ट तर मुलांनाही सांगतात. बगदादच्या खलिफा हारून अल रशीदची बेगम जुबैदा हिनं बाराशे वर्षांपूर्वी मक्केच्या यात्रेकरूंसाठी नहर बांधवून घेतली, ती ऐन जुबैदा या नावानं अजून ओळखली जाते. आपल्याकडची सबील त्याच घराण्यातली, आणि चौकातली पाणपोई तिची सख्खी बहीण. रमजान उन्हाळ्यात आला की काही सबिली दिवसभर बिगररोजेदारांसाठी चालू असतात. भरणारा स्वतः कोरड्या ओठांनी उभा असतो.

सध्या रमजान हिवाळ्याकडे सरकतोय. २०३० साली तर तो दोनदा येईल, जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या शेवटी पुन्हा. तहानेचे रोजे फिरून मे महिन्यात येतील ते २०५० च्या आसपास. मधल्या या सोप्या वर्षांत मशिदींना एक काम करून ठेवता येण्यासारखं आहे. वजूच्या पाण्यात साबण नसतो, तेल नसतं. थोडी धूळ असते, बस. ते पाणी संडास-मोरीच्या पाइपला न जोडता वेगळ्या पाइपनं बाहेर काढायचं, जाळी लावून खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळायचं आणि झाडांना किंवा शोषखड्ड्यात सोडायचं. फक्त तो शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून आणि बोअरपासून लांब हवा. नवं बांधकाम असेल तर खर्च जवळजवळ वेगळा धरावाच लागत नाही, जुन्या मशिदीत फरशी उकरावी लागते. त्याच वेळी नळाच्या तोट्या बदलून दाबल्यावरच पाणी येणाऱ्या, हात काढला की बंद होणाऱ्या बसवून घ्याव्यात. शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायला मग कुणाची हरकत नाही.